टोहो ते किसिमी: जोडतळ्यांत बास कसा गरवावा

फ्लोरिडातल्या किसिमी गावात डिस्ने वर्ल्डच्या निमित्ताने मराठी माणसांचा राबता मोठा आहे. त्याच गावाच्या कडेला लेक टोहोपेकालिगा आहे. सगळे त्याला नुसतं टोहो म्हणतात. तिथून दक्षिणेला सायप्रस, हॅचिनेहा आणि किसिमी ही तळी कालव्यांनी एकाला एक जोडलेली आहेत. मोठ्या तोंडाच्या बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी अमेरिकेत ज्या पाण्यांची नावं आधी घेतली जातात, त्यांत ही साखळी आहे. १७ जानेवारी २००१ रोजी डीन रोहास यांनी टोहोवर पाच बास मिळून ४५ पौंड २ औंस, म्हणजे साधारण साडेवीस किलो, वजन भरलं आणि बासमास्टर या बास गरवण्याच्या स्पर्धेत तो एका दिवसाचा विक्रम ठरला.

धरणाच्या काठाला मरळ किंवा रायगडच्या खाडीत जिताडा गरवलेल्या माणसाला बासचा स्वभाव ओळखीचा वाटेल. हा पाठलाग करून थकणारा मासा नाही. गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की एका झेपेत गिळतो. त्यामुळे तो कुठे बसला असेल हे ओळखणं हेच निम्म्याहून जास्त काम. इथून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचं आमिष सहसा ठीक असतं, ते चुकीच्या तळ्यात किंवा चुकीच्या गवतात पडलेलं असतं.

आधी दरवाजे पाहा

उत्तरेकडून सुरुवात करू. ईस्ट टोहो या वरच्या तळ्याचं पाणी एस-५९ या पाणी अडवणाऱ्या दरवाजातून सी-३१ कालव्याने टोहोच्या गॉब्लेट्स कोव्ह या भागात येतं. या दरवाजाला बोटीसाठी लॉक (बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी, दोन दरवाजांमधली कुंडी) नाही, म्हणून ईस्ट टोहोवर जायचं तर बोट ट्रेलरवर घालून रस्त्यानेच न्यावी लागते. टोहोच्या दक्षिण टोकाला साउथपोर्टजवळ एस-६१ आहे आणि तिथे लॉक आहे. त्यापुढे सी-३५ कालवा सायप्रसमध्ये जातो, सी-३६ सायप्रसला हॅचिनेहाशी जोडतो, सी-३७ हॅचिनेहाला किसिमीशी. या खालच्या तीन तळ्यांच्या मध्ये एकही दरवाजा नाही, त्यामुळे तिघांची पातळी एकच राहते. किसिमीच्या दक्षिणेला एस-६५, आणि तिथून किसिमी नदी ओकीचोबी तळ्याकडे.

म्हणजे मासेमारीच्या हिशेबाने ही दोन पाणी आहेत: वरचं टोहो आणि खालची तिघं. ऑर्लँडोत जोराचा पाऊस झाला की शिंगल क्रीक या ओढ्याने पाणी टोहोत उतरतं, मग एस-६१ उघडतात आणि सी-३५ वाहू लागतो. वर काही न बदलता खाली सगळं बदलतं, किंवा उलट.

पातळी साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट ही सरकारी संस्था ठरवते. टोहोची पातळी हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून ५५ फुटांपर्यंत ठेवतात आणि वसंतात उतरवत पावसाळ्याच्या तोंडावर, जूनच्या सुरुवातीला, ५२ च्या आसपास आणतात. ही तळी उथळ आहेत, बराच भाग पाच ते आठ फुटांचा. अशा तळ्यात तीन फूट पाणी उतरणं म्हणजे जानेवारीत जिथे मासा होता तिथे मे महिन्यात कोरडी वाळू.

घरून निघण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर दोन आकडे पाहा: ज्या तळ्यावर जाणार त्याची गेल्या आठवड्याची पातळी, आणि एस-६१ व एस-६५ चा विसर्ग. कोयना-खडकवासल्याच्या बातम्या वाचत वाढलेल्यांना क्यूसेक समजावून सांगायला नको. पातळी स्थिर किंवा चढती असेल तर मासा गवताच्या आतल्या बाजूला, काठाकडे सरकलेला असतो. उतरती असेल तर तो बाहेरच्या कडेला येतो, कारण आतली जागा कधी उघडी पडेल याचा त्याला भरवसा नसतो. विसर्ग शून्य असेल तर कालव्यांवर वेळ घालवू नका. चालू असेल तर पहिली जागा तीच.

गवत म्हणजे तळाचा नकाशा

इथे पाण्यात वाढलेलं सगळंच हिरवं एकसारखं दिसतं आणि नवखा माणूस दिसेल त्या झुडपात गळ टाकत जातो. त्याऐवजी कोणती वनस्पती कुठल्या तळावर उगवते ते ओळखा.

पाणकणीस, म्हणजे तपकिरी कणसाचं ते उंच गवत, मऊ गाळावर माजतं. पिकरेलवीडही गाळाचीच. किसिमी गवत मात्र वाळूच्या टणक तळावर उभं राहतं: बारीक ताठ काड्या, मध्ये मोकळं पाणी, लांबून विरळ भाताच्या खाचरासारखं. लव्हाळ्यासारखी गोल, गुळगुळीत, पान नसलेली उंच काडी दिसली तर तो बुलरश. स्थानिक लोक त्याला बगी व्हिप म्हणतात. तोही टणक जागेचा निदर्शक. बास अंडी घालायला टणक तळ शोधतो, म्हणून जानेवारी ते मार्च ही दोन गवतं म्हणजे पत्ता सांगणारी पाटी.

खात्री करायची सोपी रीत आहे. पाऊण औंसाचं टंगस्टन वजन दोऱ्याला लावून तळावरून सावकाश ओढा. वाळू असेल तर हाताला बारीक खरखर लागते, शिंपल्यांचा थर असेल तर टकटक, आणि गाळ असेल तर वजन लोण्यात बुडाल्यासारखं रुतून जड होतं. वर काढल्यावर त्याला काळा चिकट थर आणि कुजका वास असेल तर ती जागा विणीच्या दिवसांत सोडून द्या.

पाण्याखालचा हायड्रिला हे तिसरं. तो वरपर्यंत न पोचता चार-सहा फूट पाण्यात दोन-तीन फुटांचा थर करून असेल तर विणीआधीचे मोठे मासे त्यावर थांबतात. पण या तळ्यांत हायड्रिला आवरण्यासाठी तणनाशक मारतात. काड्या तपकिरी पडल्या असतील, ओढल्यावर हातात लगदा येत असेल, तर कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. कालपर्यंत भरलेली जागाही तेव्हा रिकामी होते. तिथे तासभर घासण्यात अर्थ नाही, हिरव्या थराकडे निघा.

सामान

तीन काठ्या पुरतात.

पहिली साडेसात फुटी हेवी म्हणजे ताठ, ६५ पौंडी ब्रेड (विणलेला दोरा). ही गवतात घुसवण्यासाठी आणि रबरी बेडकाच्या आमिषासाठी. दुसरी सात फुटी मीडियम हेवी बेटकास्टर, १५ ते २० पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा एकपदरी दोरा). वर्म (रबरी गांडूळ) आणि लिपलेस क्रँकबेट (ओढल्यावर थरथरणारं, माशाच्या आकाराचं कडक आमिष) दोन्ही हिच्यावर. तिसरी सात फुटी स्पिनिंग, ३० पौंडी ब्रेड, वजनाशिवाय टाकायच्या पाच इंची स्टिकबेट या मऊ, कांडीसारख्या आमिषासाठी.

ब्रेडला पालोमर गाठ (दोरा दुहेरी करून मारायची) मारा. साधी क्लिंच गाठ गुळगुळीत ब्रेडवर सरकते आणि मोठा मासा दोन धक्क्यांत सुटतो. फ्लुरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने दोरा तिथेच कमजोर होतो. ताणल्यावर गाठीच्या वर दोरा कुरळा झालेला दिसला तर कापून नवी मारा. गवतात थोड्याथोड्या वेळाने शेवटचा हातभर दोरा बोटांतून फिरवून पाहा, खरखर लागली की तेवढा तुकडा फेका.

विणीचे दिवस: डिसेंबरअखेर ते एप्रिल

फ्लोरिडात बास एकदम विणत नाहीत, लाटांनी येतात. पाणी साठीच्या घरात फॅरनहाइट, म्हणजे १६-१८ सेल्सिअसच्या पुढे टिकलं की जानेवारीपासून सुरू. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास जोर जास्त.

विणीच्या आधी हायड्रिलाच्या थरावरून अर्ध्या औंसाचं लिपलेस क्रँकबेट चालवा. सोनेरी, चंदेरी किंवा लाल. लांब फेका, काठी आडवी धरा आणि अशा वेगाने ओढा की आमिष हायड्रिलाच्या शेंड्यांना अधूनमधून लागत राहील. अडकलं की हळूच सोडवू नका. मनगटाने एकच सणसणीत झटका द्या. आमिष सुटून उडतं आणि पुन्हा खाली पडू लागतं, तेवढ्या क्षणात चावा येतो. पडत्या वेळी दोरा ढिला सोडणाऱ्याला तो चावा कळतही नाही, म्हणून काठीचं टोक आमिषाबरोबर खाली न्या, दोरा जेमतेम ताणलेला ठेवा. प्रत्येक फेकीला गवताचा झुबका येत असेल तर पाव औंसाचं लावा, नाहीतर तीन अष्टमांश औंसाच्या चॅटरबेटवर (पुढच्या पात्याने थरथरणाऱ्या आमिषावर) या. एकदाही गवत लागत नसेल तर तुम्ही माशाच्या डोक्यावरून फार उंच जात आहात.

मासे किसिमी गवतात शिरले की सहा इंची वर्म, काळपट जांभळा जूनबग रंग, तीन षोडशांश औंसाचं वजन आणि टेक्सस रिग, म्हणजे पुढे वजन आणि हुकाचं टोक वर्ममध्येच लपवलेलं. वजनाच्या वर दोऱ्यावर रबरी स्टॉपर घाला, नाहीतर वजन काडीच्या एका बाजूने आणि वर्म दुसऱ्या बाजूने उतरतो. काड्यांच्या मधल्या गल्ल्यांतून सावकाश पोहत आणा. दोन ते चार फूट पाण्यात तळावर ताटाएवढा स्वच्छ, फिकट गोल दिसला तर ते घरटं. लहान, काळसर, जागा न सोडणारा तो नर. मोठी मादी बहुतेक वेळा थोडी लांब, सावलीत असते. तिथे माशाला ओढून लांब नेऊ नका. वजन, फोटो आणि लगेच त्याच जागी सोडणं. नर हटला की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंडी खायला टोळीने येतात.

आता उत्तरेकडचा गार वारा. जानेवारी-फेब्रुवारीत थंडीची लाट येऊन गेली की आभाळ निळंशार होतं, वारा उत्तरेचा, आणि कालपर्यंत चावणारे मासे गप्प. फ्लोरिडाचा बास थंडीला फारच हळवा. तो पळून जात नाही, जवळच्या सगळ्यात दाट छपराखाली शिरतो: जलपर्णी, तुटून साचलेला हायड्रिला, वाऱ्याने एका कोपऱ्यात लोटलेली गवताची गादी. तिथे एक ते दीड औंसाचं टंगस्टन, स्टॉपर, सरळ दांड्याचा ४/० हुक आणि तीन-चार इंची जाडसर क्रिएचर (किड्या-खेकड्यासारखं मऊ आमिष). गादीवर सहा-आठ फूट उंचीवरून सरळ सोडा, म्हणजे ती भेदून जातं. तळ लागला की दोनदा उचला, गादीच्या खालच्या बाजूला एकदा टेकवा, पाच मोजेपर्यंत धरा, काढा. चावा बहुधा पहिल्या पडण्यातच येतो, आणि तो झटका नसतो, दोरा नुसता जड होतो. जड लागला की ओढा, विचार करू नका. रिळाचा ड्रॅग (दोरा सुटू देणारा ब्रेक) पूर्ण आवळलेला हवा. मासा तळाकडे वळला की दोऱ्याभोवती दहा किलो गवत गुंडाळलं जातं आणि तो तिथेच सुटतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण लाटेनंतरच्या दोन दिवसांत कृत्रिम आमिषांपैकी आम्ही यावरच विसंबतो.

ज्यांना मोठा मासाच हवा आहे आणि जिवंत आमिषाला हरकत नाही, त्यांनी शायनर हा आमिषाचा लहान मासा लावावा. गोल्डन शायनर, सहा ते दहा इंची, फिश कॅम्पवर, म्हणजे काठावरच्या गरवणाऱ्यांच्या तळावर, डझनावर मिळतो. जंगली शायनर महाग पडतो, तरी तोच घ्या: पाळलेला शायनर बासला पाहून घाबरत नाही आणि त्याच्या घाबरण्यावरच सगळा खेळ आहे. ५/० सर्कल हुक (टोक आत वळलेला) खालून वर दोन्ही ओठांतून, तीन फुटांवर बूच. बोट गवताच्या कडेपासून २०-३० फुटांवर नांगरा आणि शायनरला स्वतःहून कडेखाली शिरू द्या. बूच एका जागी थरथरू लागलं, शायनर पृष्ठभागावर उडी मारू लागला, की बास त्याच्या मागे आहे. बूच बुडालं की दोन-तीन सेकंद थांबा, मग झटका न देता नुसता रीळ फिरवून ताण घ्या. सर्कल हुक आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. सवयीने झटका दिलात तर तो तोंडातून कोरा बाहेर येतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि वाहतं पाणी, बाकीचा दिवस मनापासून अवघड.

एस-६१ चा विसर्ग चालू असेल तर सी-३५ च्या बाजूला शॅड मासे प्रवाहात भोवंडतात आणि बास त्यांच्यावर तुटून पडतात. दरवाजाजवळ प्रवेशबंदीचे फलक आहेत, त्यांच्या बाहेरच थांबा. आमिष प्रवाहाच्या वर फेकून पाण्याबरोबर खाली आणा. खालून वर ओढलेलं आमिष शॅडसारखं दिसत नाही. पाण्यावर खळबळ दिसली तर पाण्यावर चालणारं, छोटा पंखा लावलेलं प्रॉप बेट, नाहीतर चार इंची स्विमबेट (माशासारखं पोहणारं मऊ आमिष). सायप्रसच्या तोंडाशी, जिथे कालव्याची धार तळ्यात पसरते, तिथल्या कडेच्या भोवऱ्यातही पाहा.

एक खूण जपून ठेवा. दलदलीतून येणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं आणि ते स्वतः वाईट नाही. पण मोठ्या पावसानंतर तेच पाणी काळपट होऊन फेस आणि कुजका वास घेऊन आलं, कडेला लहान मासे तोंड वर करून श्वास घेताना दिसले, तर प्राणवायू संपला आहे. दुसऱ्या ओढ्याच्या तोंडाशी किंवा मोकळ्या वाऱ्याच्या बाजूला जा.

जलपर्णीवर आणि कमळपानांवर पोकळ बेडूक चालतो, मरळीसारखाच. चूकही तीच होते: पाणी उडालं की माणूस झटका देतो. टोक खाली न्या, वजन हाताला लागेपर्यंत रीळ फिरवा, मग मारा.

दुपारचं वादळ इथे जवळजवळ ठरलेलं असतं. कार्बनची काठी हातात धरून मोकळ्या तळ्यात उभं राहणं म्हणजे विजेला जागा दाखवणं. पहिला गडगडाट ऐकला की निघा. लेक किसिमी सुमारे ३५ हजार एकर पसरलेलं आहे. उथळपणामुळे तिथे वारा सुटल्यावर लाटा आखूड आणि उभ्या येतात, लहान बोटीच्या नाकावरून आत पडतात.

लॉक ओलांडताना

लॉकच्या वेळा आधी पाहून घ्या. शेवटची वेळ चुकली तर बोट एका तळ्यात आणि गाडी दुसऱ्या तळ्यावर राहते. टोहोच्या उत्तर टोकाकडून लेक किसिमीला जायला लॉकमधल्या थांब्यासकट एका बाजूचा तास सहज जातो, परतीचाही तेवढाच. सहा तासांचा दिवस असेल तर आमचा सल्ला एकच तळं धरण्याचा. खालची तळी हवी असतील तर साउथपोर्टवरून लॉक ओलांडण्यापेक्षा बोट थेट कॅम्प मॅक किंवा लेक किसिमी स्टेट पार्कच्या बाजूला उतरवा.

लॉकपाशी बोट अगदी संथ करा, हिरवा दिवा लागेपर्यंत बाहेर थांबा. सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट. आत भिंतीवर लोंबणारे दोर हातात धरा, एक पुढे एक मागे, पण बोटीला बांधू नका. पाणी उतरताना बांधलेली बोट एका बाजूने टांगली जाऊन कलंडते. दरवाजे पूर्ण उघडल्याशिवाय इंजिन गिअरमध्ये घालू नका.

कायदा आणि मासा हाताळणं

सोळा वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं. रहिवाशांना वर्षाचं १७ डॉलरला. बाहेरून आलेल्यांना तीन दिवसांचं १७, सात दिवसांचं ३० आणि वर्षाचं ४७ डॉलरला. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या हातात काठी द्यायची असेल तर त्यांचंही काढा, ते ६५ च्या पुढचे असले तरी. ज्येष्ठांची सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे. दिवसाला पाच बास ठेवता येतात आणि त्यांत १६ इंच किंवा त्याहून लांब फक्त एक. १ जानेवारी १९८८ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला दहा हॉर्सपॉवर आणि पुढची बोट चालवायला सुरक्षा शिक्षणाचं कार्ड लागतं. सहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या लहान बोटीत जॅकेट सक्तीचं.

खायचा असेल तर लहान ठेवा. मोठ्या बासमध्ये पारा साठलेला असतो, म्हणून फ्लोरिडाचं आरोग्य खातं तळ्यागणिक किती खावा याची सूचना काढतं. गर्भवती आणि लहान मुलांसाठी ती जास्त कडक आहे. तेरा-चौदा इंची बासचं मांस पांढरं, घट्ट, काटे काढायला सोपे, रव्यात तळायला उत्तम.

आठ पौंडांच्या वरचा लागला तर तो सोडायचाच. राज्याच्या ट्रॉफीकॅच कार्यक्रमात त्याची नोंद होते: पूर्ण मासा वजनकाट्यावर आणि वजनाचा आकडा स्पष्ट, असा फोटो हवा. नुसत्या जबड्याने उभा लोंबकळत ठेवलात तर एवढ्या वजनाने जबड्याचा सांधा फाटतो आणि सोडल्यावर तो नीट खाऊ शकत नाही. एक हात जबड्यात, दुसरा पोटाखाली, हात आधी ओले केलेले. काट्यावर असेल तेवढाच वेळ पाण्याबाहेर.

सापडलेले लहान मासे मगरींना टाकू नका, तसं करणं फ्लोरिडात गुन्हा आहे. खायला मिळतं हे कळलं की मगर प्रत्येक बोटीकडे येऊ लागते. शेपूट पकडून मासा ओढून नेणारी मगर दिसली तर दोरा कापा आणि जागा बदला.

रॅम्पवरून बोट वर काढली की लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) आणि बोटीच्या तळातलं सगळं पाणी तिथेच सोडा. ट्रेलरच्या रोलरमध्ये, प्रोपेलरच्या मागे आणि ट्रोलिंग मोटरच्या (विजेवरच्या छोट्या मोटरच्या) दांड्याला गुंडाळलेला हायड्रिला हाताने उपटून कोरड्या जमिनीवर टाका. बोटभर तुकडाही पुढच्या तळ्यात रुजतो.